ड्रायव्हर कोठून घ्यावा? : एका शिक्क्याचा इतिहास

१/ प्रिंटर, साउंड कार्ड यांच्याशी संगणकाचा संवाद घडवणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. नव्वदच्या दशकात तो बहुधा खोक्यातल्या फ्लॉपीवर किंवा सीडीवर मिळे. ती हरवली की शोधाशोध!

२/ १९९८ साली विंडोज ९८ सोबत ‘विंडोज अपडेट’ आले. पुढे डिजिटल स्वाक्षरी आली. ६४-बिट व्हिस्टाने तर स्वाक्षरीविना ड्रायव्हरला प्रणालीच्या गाभ्यात प्रवेशच नाकारला.

३/ २०१० साली उघडकीस आलेल्या स्टक्सनेटच्या ड्रायव्हरवर रिअलटेक या तैवानी कंपनीची स्वाक्षरी होती. बनावट शिक्क्यांची कागदपत्रे इतिहासाला नवी नाहीत. येथे शिक्का खरा होता, फक्त चोरीचा.

४/ ऑक्टोबर २०१४ चे प्रकरण अधिक बोलके. एफटीडीआय कंपनीचा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधूनच आला आणि तिच्या चिपची नक्कल वापरणारी उपकरणे त्याने निकामी केली. आपल्या केबलमधली चिप नकली आहे, हे बिचाऱ्या ग्राहकाला कसे कळावे? टीकेनंतर तो मागे घेतला गेला.

५/ तरीही घरच्या संगणकासाठी क्रम तोच राहतो : आधी विंडोज अपडेट, मग संगणक वा सुटा भाग बनवणाऱ्या कंपनीचे संकेतस्थळ. ‘सर्व ड्रायव्हर एका क्लिकवर’ म्हणणारे त्रयस्थ प्रोग्राम टाळावेत. तेथे चूक झाली, तर ड्रायव्हर मागे घेणारेही कोणी सापडेलच असे नाही.