७१४ खाटा आणि मार्जरी वॉरेन

१९३५ साली लंडनच्या पश्चिमेस, आयझलवर्थ येथे, वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाने शेजारचे एक जुने इस्पितळ आपल्या ताब्यात घेतले. हे इस्पितळ निर्धनांसाठीच्या कायद्याखाली चालत आलेले होते. तेथे ७१४ खाटा होत्या आणि त्यांवर मुख्यतः वृद्ध, ‘असाध्य’ ठरवलेली माणसे पडून होती. त्यांना आजार कोणता, याची नीट तपासणीही कित्येकांच्या वाट्याला आलेली नव्हती. वय झाले हेच निदान, आणि अंथरूण हाच उपचार.

वृद्धाने विश्रांती घ्यावी ही समजूत केवळ इंग्लंडची नव्हे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही व्यायाम कोणी टाळावा हे सांगताना बालक आणि अजीर्णाचा रोगी यांच्यासोबत वृद्धाचीही गणना आहे. (सुश्रुतसंहिता मात्र नियमित व्यायाम करणाऱ्यावर वार्धक्य एकाएकी चाल करून येत नाही, असे म्हणते. ‘आयुर्वेद सांगतो’ असे सरसकट विधान करणाऱ्यांनी हे दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचावेत.)

या खाटांची जबाबदारी डॉ. मार्जरी वॉरेन यांच्याकडे आली. त्यांनी प्रथम प्रत्येक रुग्णाला तपासले. मग ध्यानात आले की अनेकांना खाटेला जखडणारा मूळ रोग कधीच मागे पडला होता. उरले होते ते पडून राहण्याचे परिणाम. सांधे आखडलेले, स्नायू झिजलेले, पाठीला जखमा आणि मन विझलेले. वॉरेन यांनी या माणसांना उठवायला घेतले. आधी खाटेवर बसणे, मग खुर्ची, मग आधाराने पावले टाकणे. पक्षाघात झालेल्यांसाठी आणि पाय गमावलेल्यांसाठी निराळे व्यायाम. कोंदट दालनांना त्यांनी फिकट रंग दिला, दिवे वाढवले, अडगळ काढली, धरून चालण्यासाठी कठडे बसवले, खाटांवर लाल घोंगड्या आणल्या. रंगसफेदीची ही बाब क्षुल्लक वाटेल. पण चालायला कोठे तरी जागा आणि उठायला काही तरी निमित्त लागतेच.

पुष्कळ रुग्ण घरी परतले. कालांतराने वृद्धांसाठी लागणाऱ्या खाटांची संख्या सुमारे २४० वर आली. १९४३ आणि १९४६ मध्ये वॉरेन यांनी हा अनुभव वैद्यकीय नियतकालिकांत मांडला, आणि वृद्धवैद्यक या स्वतंत्र शाखेचा पाया ब्रिटनमध्ये घातला गेला. १९४७ साली रिचर्ड ॲशर या डॉक्टरांनी अंथरुणाचे धोके सांगणारा एक उपरोधिक लेख लिहिला, तोही याच वाऱ्याचा. अतिविश्रांतीविरुद्धचे इतके खुसखुशीत लेखन वैद्यकात विरळाच.

तरीही एक भीती शिल्लक होती. म्हाताऱ्या माणसाने चालावे, हे हळूहळू मान्य झाले. पण वजन उचलावे? ते कसे झेपेल?

१९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रम-रुग्णालयात डॉ. मारिया फियातारोने यांनी हेच करून पाहिले. दहा स्वयंसेवक, वये ८६ ते ९६, बहुतेकांना एकाहून अधिक विकार. आठ आठवडे त्यांनी मांड्यांच्या स्नायूंसाठी वजनाचा व्यायाम केला, आणि तोही हलकाफुलका नव्हे. नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीनपट झाली. दोघांनी काठी सोडली. हाताचा आधार घेतल्याखेरीज खुर्चीतून उठू न शकणाऱ्या तिघांपैकी एकाला ते साधू लागले. प्रयोग लहान होता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे खरे. म्हणून त्याच फियातारोने यांनी १९९४ मध्ये शंभर वृद्धांवर तुलनात्मक अभ्यास केला, आणि ताकद वाढते हेच पुन्हा दिसले.

१९९० च्या त्या अहवालातला आणखी एक आकडा सहसा सांगितला जात नाही. व्यायाम थांबवल्यावर अवघ्या चार आठवड्यांत या माणसांची कमाल ताकद ३२ टक्क्यांनी घटली.