निअँडर दरी
जर्मनीच्या नॉर्थ राइन-वेस्टफेलिया राज्यातील पुरामानवशास्त्रीय महत्त्वाचे स्थळ. ड्युसेलडॉर्फ शहराच्या पूर्वेस सुमारे १२ किमी.वर, एरक्राट व मेटमान या गावांच्या दरम्यान ड्यूसेल नदीची ही दरी आहे. जर्मनमध्ये 'टाल' म्हणजे दरी. जुन्या लेखनात या शब्दात 'एच' अक्षर होते. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन लेखनातून ते गेले, पण येथे सापडलेल्या प्राचीन मानवाच्या शास्त्रीय नावात कायम राहिले. 'निअँडरथल' हा आपल्याकडचा उच्चार त्यातूनच आला.

येथे मुळात चुनखडीचे उभे कडे, धबधबे आणि गुहा असलेली अरुंद घळ होती. सतराव्या शतकात ड्युसेलडॉर्फच्या लॅटिन शाळेचे प्रमुख व भक्तिगीतकार योआखिम निअँडर (१६५०–८०) तेथे येत असत. पुढे त्यांच्या नावाने आधी एक गुहा आणि मग सगळी दरीच ओळखली जाऊ लागली. त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव नॉयमान, म्हणजे 'नवा माणूस'; आजोबांनी त्याचे ग्रीक रूप घेतले होते. मानवाच्या एका अपरिचित जातीला हेच नाव मिळावे, हा विलक्षण योगायोग होय.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बांधकाम आणि लोखंडाच्या भट्ट्या यांसाठी चुनखडीची मागणी वाढली व कडे फोडले जाऊ लागले. ऑगस्ट १८५६ मध्ये लहान फेल्डहोफर गुहेतील चिकणमाती उपसताना मजुरांना हाडे लागली. ती त्यांनी मातीबरोबर खाली दरीत फेकली. हाडे गुहेत राहणाऱ्या अस्वलाची असावीत, असा खाणमालकांचा समज झाला; तरी त्यांनी ती वेचून ठेवायला सांगितली. कवटीचा वरचा भाग, मांड्यांची व हातांची हाडे, काही बरगड्या आणि कमरेच्या हाडाचा तुकडा, एवढे हाती आले. एल्बरफेल्ट येथील शिक्षक योहान कार्ल फुलरॉट यांनी ती माणसाची, पण फार प्राचीन माणसाची आहेत हे ओळखले. बॉनचे शरीररचनाशास्त्रज्ञ हेरमान शाफहाउझेन यांच्यासह त्यांनी १८५७ मध्ये हा शोध विद्वानांपुढे मांडला.

डार्विनचा उत्क्रांतीवरील ग्रंथ प्रसिद्ध होण्यास तेव्हा दोन वर्षे अवकाश होता. विरोध झाला तो साहजिकच. भुवयांवरचा हाडाचा जाड उंचवटा आणि वाकडी हाडे पाहून शरीररचनाशास्त्रज्ञ ऑगस्ट मायर यांनी हा १८१४ च्या नेपोलियनविरुद्धच्या मोहिमेतला मुडदूस झालेला कोझॅक सैनिक ठरवला. रूडोल्फ फिरखो यांच्यासारख्या थोर वैद्यकानेही सारे वेगळेपण आजारपणावर ढकलले. आयर्लंडमधील भूवैज्ञानिक विल्यम किंग यांनी मात्र १८६४ मध्ये त्याला 'होमो निअँडरथालेन्सिस' हे स्वतंत्र जातीचे नाव दिले. बेल्जियममधील एंजी (१८२९–३०) व जिब्राल्टर (१८४८) येथे अशीच हाडे आधी सापडली होती, पण त्यांचे मर्म कुणाला उमगले नव्हते. बेल्जियममधील स्पी येथे १८८६ मध्ये दोन सांगाडे मिळाल्यावर आजारपणाचा तर्क टिकला नाही. एका शाळामास्तराची नजर त्या काळच्या नामांकित तज्ज्ञांपेक्षा अचूक ठरली, याची नोंद व्हायलाच हवी.

दरम्यान खाणकामाने गुहाच काय, आख्खा कडा नाहीसा केला, आणि ती नेमकी कोठे होती हेही विस्मरणात गेले. पुरातत्त्वज्ञ राल्फ श्मित्झ व युर्गेन थिसेन यांनी १९९७ मध्ये जुन्या खाणीच्या राडारोड्याखाली गुहेतून फेकलेली माती शोधून काढली. तीत दगडी हत्यारे आणि हाडांचे तुकडे होते. एक तुकडा १८५६ च्या डाव्या मांडीच्या हाडाला तंतोतंत जुळला. २००० च्या उत्खननात मिळालेले गालाचे हाड कवटीला बसले. दुसऱ्या एका व्यक्तीचे अवशेषही निघाले. कालमापनानुसार हे अवशेष सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीचे आहेत.

आनुवंशिकीतज्ज्ञ स्वांटे पेबो यांच्या चमूने १९९७ मध्येच मूळ सांगाड्याच्या दंडाच्या हाडातून मायटोकाँड्रियातील डीएनए वेगळा केला. निअँडरथल मानवाचा डीएनए वाचला गेला तो प्रथमच. पेबो यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आफ्रिकेबाहेरच्या लोकांत, म्हणजे आपल्यातही, या मानवाचा एक ते दोन टक्के जनुकीय वारसा आहे, हे पुढच्या संशोधनातून दिसून आले.

दरीत १९९६ पासून निअँडरथल संग्रहालय आहे. मूळ हाडे मात्र १८७७ पासून बॉनच्या संग्रहालयात आहेत. गुहेच्या जागी आता एक मनोरा उभा असून, पाहुण्यांना त्यावर चढून नाहीशा झालेल्या गुहेच्या उंचीपर्यंत जाता येते.