भिंतीवरील नकाशा

इंग्लंडमध्ये आजकाल जुने नकाशे लाकडी फळीवर लेसर किरणांनी कोरून दिवाणखान्यात टांगण्यासाठी विकले जातात. हे नकाशे तेथील काउंट्यांचे असतात. काउंटी म्हणजे साधारणपणे आपल्याकडील जिल्हाच समजा. शोभेची वस्तू म्हणून ती सुबक दिसते, यात वाद नाही. परंतु तिच्यामागे केवढी पायपीट आहे, हे आपण ध्यानात घ्यावे.

राणी पहिल्या एलिझाबेथच्या कारकिर्दीत यॉर्कशरच्या क्रिस्टोफर सॅक्स्टनने इंग्लंड व वेल्सच्या काउंट्यांची पाहणी केली. १५७९ साली ३५ नकाशांचा त्याचा संग्रह पूर्ण झाला. १५७६ मध्ये तो वेल्सला निघाला, तेव्हा दरबाराने तेथील अधिकाऱ्यांना लेखी हुकूम दिला. या गृहस्थास मनोरा, किल्ला, टेकडी जे उंच असेल तेथे न्यावे. मुलखाची माहिती असलेली दोन-तीन प्रामाणिक माणसे बरोबर द्यावीत. आणि पुढील बाजारगावापर्यंत वेल्श व इंग्रजी दोन्ही भाषा जाणणारा घोडेस्वार सोबत असावा. हा दुभाष्या नसता तर गावांची नावे सॅक्स्टनने विचारली असती कोणाला? नकाशावर नाव मात्र सॅक्स्टनचे आहे.

मूळ नकाशे लाकडावर नव्हे, तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले होते. छाप सुलटा उमटावा म्हणून प्रत्येक अक्षर उलटे कोरावे लागे. एवढे कष्ट घेऊनही या नकाशांत रस्ते नाहीत! नद्या आहेत, पूल आहेत, उमरावांची कुंपण घातलेली शिकारीची राने तर आवर्जून दाखविली आहेत. वाटसरूची सोय पाहणारे हे नकाशे नव्हते. राणीचा मंत्री लॉर्ड बर्ली त्यांच्या प्रती आपल्याजवळ ठेवी व त्यांवर स्वहस्ते टिपणे करी, यावरून त्यांचा उपयोग कोणाला होता हे आपण ओळखालच.

पुढे जॉन स्पीड याने १६११-१२ च्या सुमारास सॅक्स्टनच्याच नकाशांचा आधार घेऊन व कोपऱ्यांत शहरांचे आराखडे घालून नवा संग्रह काढला. हा स्पीड धंद्याने शिंपी होता, हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

नकाशाने भिंत सजविण्याची हौसही आजची नाही. १५९० च्या सुमारास राल्फ शेल्डन नावाच्या जमीनदाराने चार काउंट्यांचे नकाशे लोकर व रेशमात विणवून आपल्या घरी लावले. त्यांपैकी वॉरिकशरचा पडदा वॉरिक येथील संग्रहालयात आहे.

आजच्या गिऱ्हाइकाची ओढ मात्र निराळी आहे. १ एप्रिल १९७४ रोजी इंग्लंडमध्ये सीमा बदलल्या. रटलंड ही सर्वांत लहान काउंटी लेस्टरशरमध्ये विलीन झाली. तेथील लोकांना ते रुचले नाही. १९९७ साली रटलंडला स्वतंत्र कारभार परत मिळाला. हंटिंग्डनशरला मात्र तो मिळाला नाही. ती आजही केंब्रिजशरचा एक भाग आहे, आणि तिची जुनी सीमा पाहायची तर असा एखादा नकाशाच शोधावा लागतो.