तळटीप : ‘डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला’

अंबरनाथ एमआयडीसीतल्या कामगाराच्या मुलाने धरलेली ही वाट कुणाला बारावी चुकवण्याची पळवाट वाटेल. हिशेब तसे सांगत नाही. दहावीनंतर पॉलिटेक्निकची ३ वर्षे आणि पदवीची उरलेली ३, अशी ६ होतात. बारावीमार्गे २ अधिक ४, तीही ६च. फरक मधल्या टप्प्यात आहे. तिसऱ्या वर्षाअखेर या मुलाच्या हाती तंत्रशिक्षण मंडळाची पदविका असते. घरची ओढाताण वाढली, तर तिच्या बळावर कारखान्यात नोकरी धरता येते. बारावीनंतर इंजिनिअरिंगचे एकच वर्ष करून थांबावे लागलेल्याला तो आधार नसतो. गणिताचा आक्षेप मात्र खरा आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणित न शिकताच या मुलांना तिसऱ्या सत्रात लाप्लास रूपांतराला भिडावे लागते. पण लेथवर जॉब लावून व्हर्निअरने ०.०२ मिलिमीटरचा फरक टिपणाऱ्याची कुवत कमी नसते. राहिलेला असतो तो अभ्यासक्रमाचा एक तुकडा. तो पूरक वर्ग घेऊन भरून काढणे ही प्रवेश देणाऱ्या महाविद्यालयाची जबाबदारी आहे, आणि ती टाळून मुलाला कच्चा ठरवणे हा अन्याय आहे.