दोऱ्यासारखी अळी

* दोऱ्यासारखी अळी : लेखकाने नाव दिलेले नसले, तरी वर्णनावरून ही ‘हूडिनिया फ्लेक्सिलिसिमा’ या चिमुकल्या पतंगाची अळी ठरते. हा पतंग केवळ न्यूझीलंडचा, आणि तिथेही उत्तर बेटावरच्या वायकाटो भागातील पीटच्या दलदलींपुरता. होअर, डगडेल आणि वॉट्स यांनी २००६ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. नारिंगी रंगाची ही अळी ‘स्पोरॅडँथस फेरुजिनियस’ या वेतासारख्या उंच वनस्पतीच्या दांड्यात शिरून आतला गर खात पुढे सरकते. दांडा अरुंद, म्हणून अंगही तसेच सडपातळ. दुसऱ्या कशावर तिचे भागत नाही. इथेच खरी काळजी आहे. दुभत्या गुरांच्या कुरणांसाठी वायकाटोतील बहुतेक दलदली चर खणून कोरड्या केल्या गेल्या आणि ही वनस्पती कोपुआटाईसारख्या मोजक्या ठिकाणी उरली. मात्र पीट खणून नेलेल्या जागी ती पुन्हा लावली, तेव्हा पतंगही काही वर्षांत तिथे पोहोचला. दूरच्या रोपांवर तो उशिरा आला, पण आला. लेखकाने या प्रयोगाचा उल्लेख करायला हवा होता, असे आम्हांला वाटते.
— संपा.