वेळ कोणाचा?

डहाणू-तलासरीकडच्या आदिवासींना वेळेची किंमत नाही, असं आपण सहज बोलून जातो. पण तो वेळ त्यांचा होता कधी? जमीनदाराचा निरोप आला, की स्वतःचं शेत सोडून वेठीला जायचं. लग्नासाठी कर्ज काढलं, तर नवरा-बायको दोघांनी 'लग्नगडी' म्हणून वर्षानुवर्षं राबायचं. २३ मे १९४५ रोजी झरी गावात परुळेकर दांपत्याच्या पुढाकाराने हजारो वारली जमले. ठरलं काय? वेठ बंद, दिवसाला १२ आणे रोख, नाहीतर काम नाही. आपल्या दिवसाचं मोल त्यांनी स्वतः सांगितलं. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. तेव्हा त्यांना वक्तशीरपणा शिकवायला निघण्याआधी आपण एवढं आठवू या.