खारं पाणी, गोडं पाणी आणि एक सायकल

गेल्या डिसेंबरात बहिणीकडे गेलो होतो. रात्री जेवणं आटोपून बसलो होतो, तेवढ्यात तिच्या नातीचा फोन आला. नात कोपनहेगनला शिकते. तिकडे सगळे सायकलवर, म्हणून हिनेही एक जुनी सायकल घेतलेली. तक्रार अशी की बर्फ धरू नये म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, ते चाकांनी उडून चेनवर बसतं, आणि दोन आठवड्यांत चेन तांबडी झाली. पायडल मारलं की किर्रकिर्र. काय करावं?

मी घसा खाकरला. पस्तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस, कुणी प्रश्न विचारला की उत्तर आपल्यालाच विचारलंय असं वाटतं. पण माझ्या आधीच बहीण फोनकडे वाकून म्हणाली, "आधी तेल घालू नको हां. आधी गोड्या पाण्याने धू, मग पुसून सुकव, मग तेल. मिठावर तेल घातलंस तर मीठ आतच कोंडतं. आणि घातलेलं तेल वरवरचं पुसून टाक, नायतर धूळ धरते."

नात म्हणाली, "आजी, तुला कसं माहीत?"

बहीण म्हणाली, "मी धुवायची ना, दादाची सायकल."

मी नुसता पानाचा डबा उघडून बसलो. बहिणीला आता त्र्याहत्तरावं लागलंय. आयुष्यात ती एकदाही सायकलवर बसलेली नाही. चालवणं सोडा, दांडीवरसुद्धा नाही.

ही गोष्ट आमच्या जित्याची. पेण तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गावर, पाताळगंगेवरचा खारपाड्याचा पूल ओलांडून पेणकडे निघालं की जिते लागतं. आता जित्याला रेल्वे स्टेशनही आहे. पण ती गाडी आमच्या उपयोगाची नव्हती, कारण दिव्याहून पनवेलला रेल्वे आली १९६४ साली, आपट्यापर्यंत १९६६ साली, आणि आपट्याच्या पुढे रोह्यापर्यंत रूळ यायला १९८६ साल उजाडलं. मी हायस्कुलात गेलो १९६३ साली. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढे पेण. अंतर सात मैलांच्या आसपास. एस.टी. होती, पण तिच्या वेळा आणि शाळेच्या वेळा यांची गाठ पडत नसे, आणि रोजच्या तिकिटाचे पैसे कुणाकडे होते?

तेव्हा वडिलांनी सायकल घेतली. जुनी हर्क्युलिस, काळी, रॉड ब्रेकची. कुणा सरकारी नोकराची बदली झाली, त्याच्याकडून. वडील मिठागरावर कामाला होते. त्या हंगामाची निम्मी मजुरी त्या सायकलीत गेली असं आई पुढे कितीतरी वर्षं सांगायची.

इथे सायकलीचा थोडा इतिहास सांगितल्यावाचून राहवत नाही. आज आपण ज्याला सायकल म्हणतो, म्हणजे दोन सारखी चाकं आणि मागच्या चाकाला चेन, तो घाट इंग्लंडात १८८५च्या सुमारास पक्का झाला. डनलॉपने हवा भरलेला टायर आणला १८८८ साली. त्यानंतर थोड्याच वर्षांत ती मुंबईत दिसू लागली. पण पुढे कितीतरी वर्षं ती साहेबाची, पारशाची, फार तर वकिलाची. १९२३ साली मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलवरून जगाच्या फेरीला निघाले; त्यातले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे फेरी पुरी करून १९२८ साली परतले. (शाळेत मी कोलंबस, वास्को द गामा वर्षानुवर्षं शिकवले. या तिघांचं नाव मला निवृत्तीनंतर कळलं. असो.)

सायकल गरिबाच्या दारात आली ती स्वातंत्र्यानंतर. ती इथे बनू लागली. वरळीला हिंद सायकलचा कारखाना होता, मद्रासजवळ अंबत्तूरला हर्क्युलिस बनू लागली, आसनसोलला रॅले, सोनपतला ॲटलस, लुधियान्याला हिरो. त्यातली हिंद आणि रॅले या दोन्ही कंपन्या १९८० साली सरकारला ताब्यात घ्याव्या लागल्या, आणि ॲटलसचा शेवटचा चालू कारखाना बंद पडला ३ जून २०२० रोजी. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता! पण साठच्या दशकात या काळ्या, जड सायकलींनी जे काम केलं ते एस.टी.नेही केलं नाही. दूधवाला, पोस्टमन, तलाठी, ग्रामसेवक, मास्तर, सगळे तिच्यावर. आणि खेड्यातला आठवीतला पोरगा.

पोरगा म्हणतोय मी. लक्षात ठेवा.

आमच्याकडे सायकलीचं वर्ष पावसाळ्यानंतर सुरू होई. पावसाळ्यात बांध चिखलाचे, ओढे भरलेले. मी आठवड्यातले दोन-तीन दिवस शाळा बुडवी किंवा पेणला नातलगांकडे राही. दिवाळी सरली की रस्ता सुके आणि मग फेब्रुवारी संपेपर्यंत सायकलवाल्याचं राज्य. सकाळी निघताना बोटं गार पडत, कानाला मफलर. हमरापूरच्या शेतांवर धुकं बसलेलं. तरणखोप आलं की पेण आलंच. परतताना जानेवारीत कुठेतरी शेताच्या कडेला पोपटी लावलेली असे, भांबुर्ड्याचा आणि वालाच्या शेंगांचा तो वास रस्त्यापर्यंत येई आणि पायडल आपोआप मंद होई.

युरोपातल्या लोकांना हिवाळा हा सायकलीचा वैरी वाटतो. आम्हाला तोच सोयरा. पण गंमत बघा, त्यांच्या आणि आमच्या हिवाळ्यात एक गोष्ट सारखी निघाली, ती म्हणजे मीठ. त्यांच्याकडे ते गाडीतून रस्त्यावर पेरतात. अमेरिकेत ही पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास रुळली. आमच्याकडे ते खाडीतून येतं. भरतीचं पाणी मिठागराच्या चौकोनांत घ्यायचं आणि उन्हाने आटवायचं, हा उद्योग पावसाळा संपल्यावरचाच. तेव्हा सायकलीचा हंगाम आणि मिठाचा हंगाम एकदमच सुरू होई. सोमवार ते शनिवार सायकल माझी. रविवारी पहाटे वडील ती घेऊन मिठागरावर जात. बांधावरचा खारा चिखल चेनमध्ये, फ्रीव्हीलमध्ये, मडगार्डच्या आतल्या बाजूला बसे.

लोखंड गंजायला हवा आणि पाणी दोन्ही लागतात, हे आपण सातवीत शिकतो. मीठ काय करतं? एक तर मिठाच्या पाण्यात गंजण्याची क्रिया भराभर होते. दुसरं, हवेतला दमटपणा पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेला की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ओलं होतं. म्हणजे सायकल पावसात भिजायला हवी असं नाही. दुपारी मीठ कोरडं, भुरभुरीत, दिसतही नाही. रात्री दव पडलं की तेच मीठ पाझरतं, सकाळी ऊन आलं की सुकतं. रोज एकदा ओलं, एकदा सुकं. लोखंडाचं याहून वाईट काय करायचं?

इंग्रजांनाही हा चिखल-पाण्याचा त्रास ठाऊक होता. त्यांच्या सनबीम सायकलीची चेन पुऱ्या बंद पेटीत तेलात फिरायची. आमच्या हर्क्युलिसला नुसतं पत्र्याचं चेनकव्हर. पायजमा वाचे, चेन नाही.

पेणच्या सायकलवाल्याने वडिलांना सांगितलं होतं की खारेपाटात सायकल टिकवायची तर दर आठवड्याला गोड्या पाण्याने धुवायची आणि वर्षातून एकदा ओव्हरऑइलिंग. (मूळ शब्द ओव्हरहॉलिंग. पण सगळं उघडून शेवटी तेलच घालतात, तेव्हा आमचा शब्द अधिक बरोबर आहे असं माझं मत.) ओव्हरऑइलिंग दिवाळीत व्हायचं. चाकं काढायची, कप-कोन उघडायचे, छर्रे ताटलीत घेऊन घासलेटात धुवायचे, मोजून परत ग्रीसमध्ये बसवायचे. ते वडील करत आणि मी शेजारी बसून बघे.

आठवड्याचं धुणं मात्र बहिणीकडे. कसं आलं तिच्याकडे? कुणी ठरवलं नाही. रविवारी मी अभ्यासाला बसे, वडील थकून झोपत, आणि धुणं म्हणजे बायकांचं काम, मग ते धोतर असो की सायकल. फडकं जुन्या बनियनचं. आधी पाणी, मग घासलेटाचं फडकं चेनवर, मग सुकं फडकं, मग एकेका कडीवर तेलाचा थेंब. रिमच्या चकाकीवर खोबरेलाचा हात. तारा एकेक करून पुसायच्या. तिला छत्तीस आणि चाळीस यातला फरक ठाऊक होता. खेड्यातल्या कितीशा जणांना ठाऊक असेल? साध्या सायकलीच्या पुढच्या चाकाला बत्तीस आणि मागच्याला चाळीस तारा असतात. आमच्या पुढच्या चाकाला छत्तीस होत्या, म्हणजे ते चाक कधीतरी बदललेलं होतं. वडिलांना सायकल विकणाऱ्याने हे सांगितलं नव्हतं. माझ्या बहिणीने मोजून सांगितलं.

आणि पाणी. खारेपाटात गोडं पाणी म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्या घराजवळच्या विहिरीचं पाणी दिवाळीपर्यंत बरं असे, पुढे मचूळ होई. प्यायचं पाणी डोंगराकडच्या विहिरीवरून, डोक्यावरून. ते आई आणि बहीण आणत. सायकलीसाठी अर्धी कळशी. पुढे आमच्याच तालुक्यात हेटवण्याला धरण झालं, त्याचं पाणी नव्या मुंबईला गेलं आणि खारेपाटातल्या बायका हंडे घेऊन मोर्चे काढत राहिल्या. तो निराळा विषय आहे, त्यावर पुन्हा कधीतरी. मला एवढंच सांगायचंय की माझ्या सायकलीवर ओतलेलं पाणी तिने वाहून आणलेलं होतं.

१९६५ साली ती सातवी पास झाली. मला सातवीत पडले होते त्यापेक्षा तिला बरेच जास्त मार्क. तिचे गुरुजी घरी आले होते, हे मला आठवतं. वडील म्हणाले, सायकल एक आहे. तेवढंच म्हणाले. ते खोटंही नव्हतं. पण दोघांची शाळा एकच, वेळ एकच, आणि सायकलीला कॅरिअर होतं. मी म्हणू शकलो असतो की मी तिला मागे बसवून नेतो. सात मैल डबल सीट मारणं पंधरा वर्षांच्या पोराला जड नव्हतं. मी मित्रांना नेतच होतो. मी काही म्हणालो नाही. मला तेव्हा सुचलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे सुचलं होतं. बहिणीला मागे बसवून पेणच्या बाजारातून जायची मला लाज वाटली.

१९६७ साली मी बी.ए.ला पुण्याला गेलो. तिथे सकाळी लक्ष्मी रस्त्याने, टिळक रस्त्याने सायकलींचे लोंढे, आणि त्यात मुली. वेण्या घातलेल्या, पातळ नेसलेल्या, कॅरिअरला वह्या लावलेल्या. मागच्या चाकाला पातळ अडकू नये म्हणून जाळी. मी पहिल्या दिवशी उभा राहून बघत राहिलो. त्याच महाराष्ट्रात, जित्याहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. १९६९ साली सतराव्या वर्षी बहिणीचं लग्न झालं.

अमेरिकेत सुसान अँथनी नावाच्या बाई होत्या, स्त्रियांच्या मतदानासाठी जन्मभर झगडलेल्या. त्यांनी १८९६ साली म्हटलं होतं की बाईला मोकळं करायला सायकलीने जितकं केलं तितकं दुसऱ्या कशानेच केलं नाही. आपल्याकडे त्याचा पडताळा यायला पुढचं शतक संपत आलं. तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१-९२च्या सुमारास साक्षरता मोहिमेबरोबर शीला राणी चुंकत या कलेक्टर बाईंनी बायकांना सायकल शिकवायचं मनावर घेतलं, आणि खडी फोडणाऱ्या, शेतमजुरी करणाऱ्या हजारो बायका सायकलवर बसल्या. मग बिहार. २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात झाली. मुरलीधरन आणि प्रकाश या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा हिशेब मांडला, तो २०१७ साली छापून आला. हायस्कुलात जाणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं, मुलगा-मुलगी यांतली तफावत ४० टक्क्यांनी घटली. आणि फरक सगळ्यात जास्त कुठे पडला? जिथे हायस्कूल तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब होतं तिथे.

तो निबंध मला एका जुन्या विद्यार्थ्याने समजावून सांगितला. तीन किलोमीटर ऐकल्यावर मी त्याला जरा थांबायला सांगितलं होतं. आमचं अकरा-बारा किलोमीटर होतं.

ती हर्क्युलिस १९७५पर्यंत चालली. बारा वर्षं, खारेपाटात. गावातल्या दुसऱ्या सायकलींची मडगार्डं तीन-चार पावसाळ्यांत चाळण होत. आमची सायकल टिकली याचं श्रेय सगळे वडिलांच्या ओव्हरऑइलिंगला देत. पण बहीण सासरी गेल्यावर पहिल्याच हिवाळ्यात चेन बदलावी लागली, आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी.

आता महामार्ग रुंद होतोय. २०११ साली पनवेल-इंदापूरचं काम सुरू झालं, आणि इतकी वर्षं लोटली तरी त्याच्याबद्दल बोलणं संपलेलं नाही. त्या रस्त्यावर आठवीतल्या पोराला सायकलवर पाठवायला मी आज धजणार नाही. हिवाळ्यात रविवारी मुंबईकडून हेल्मेट घातलेली मंडळी येतात, बारीक टायरच्या महागड्या सायकली. चहाच्या टपरीवर थांबतात. मागे एकदा त्यातल्या एकाला मी म्हटलं, घरी गेल्यावर आधी गोड्या पाण्याने धुवा, इथे खारा वारा आहे. तो म्हणाला, थँक्यू अंकल, तुम्हाला बरीच माहिती दिसते.

कोपनहेगनला, ऐकलं ते असं, की बर्फ पडला की सायकलींचे रस्ते मोटारींच्या रस्त्यांच्या आधी साफ करतात. नातीने चार दिवसांनी फोटो पाठवला. चेन काळी कुळकुळीत. बहिणीने चष्मा लावून तो मोठा करून पाहिला. मग म्हणाली, "चेन बरी केलीय. तारा पुसल्या नाहीत पोरीने." आणि फोन माझ्या हातात देऊन तिने नातीला तसं कळवायला सांगितलं, कारण मोबाइलवर लिहिणं तिला अजून नीट जमत नाही.